सीबीडी तेल आणि घरचा स्वयंपाक: या चुका टाळा

पहिली चूक दुकानातच होते. 'हेम्प सीड ऑइल' म्हणजे भांगेच्या बियांचे तेल, त्यात सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातले नशा न आणणारे औषधी द्रव्य, जवळपास नसतेच. एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) २०२१ साली या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली, म्हणून ते किराण्यासारखे मिळते. सीबीडीचे तेल मात्र विजया (आयुर्वेदात भांगेचे नाव) अर्काचे औषध, वैद्यांच्या चिठ्ठीवर घ्यायचे. बाटलीवर सीबीडी किती मिलिग्रॅम आणि टीएचसी (भांगेतलेच नशेचे द्रव्य) किती, हे दोन्ही आकडे वाचा. टीएचसी पुरेसे असेल तर नशा चढते, मग स्कूटरची चावी हातात घ्यायची नाही. किनाऱ्यावर कुणी पुढे केलेल्या गांजाचे 'घरगुती तेल' तर नकोच. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, शिवाय त्यात काय किती आहे हे कळायला मार्ग नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पातेल्यात. चिठ्ठी एकाच्या नावाची, पण तेल घरच्या सोलकढीत पडते. मग कुणाला सगळे मिळते, कुणाला काहीच नाही, आणि मुलांच्या वाट्यालाही जाते. पातेल्यात घालू नका, ज्याचे औषध त्याच्या वाटीत घाला.

थेंब मोजण्यावरही भिस्त ठेवू नका. ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो. १ मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या. ३० मिलीच्या बाटलीत ९०० मिलिग्रॅम असेल तर १ मिलीत ३० मिलिग्रॅम. वैद्यांनी १५ सांगितले असतील तर अर्धा मिली.

सोलकढीवर तेलाचा तवंग दिसतो? रस पातळ आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, ते वाटीच्या कडेला चिकटून राहते आणि धुताना वाहून जाते. नारळाचा दाट रस दोन चमचे घ्या, त्यात तेल घालून एकजीव होईपर्यंत घोटा, मगच कोकमाचे आगळ आणि उरलेला रस घाला. शेवटी वाटी चमचाभर रसाने विसळून पिऊन टाका.

फोडणीत तेल घालणे सरळ वाया घालवणे. सीबीडी साधारण १६० ते १८० अंशांना उडू लागते आणि फोडणीचे तेल सहज तिथवर जाते. हुमण (नारळाच्या वाटणाची आमटी) गॅसवरून उतरवून, ताटात वाढल्यावर घाला. केकची भीती त्यामानाने कमी: ओव्हन १७० अंशांवर असला तरी ओलसर गाभा १०० अंशांपुढे जात नाही.

'काहीच झाले नाही' म्हणून तासाभरात दुसरा डोस घेऊ नका. पोटातून गेलेल्या तेलाचा परिणाम दिसायला दोन तासही लागतात. जेवण कसे आहे यानेही फार फरक पडतो: भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर सीबीडी शरीरात उपाशीपोटीच्या चौपटीपर्यंत शोषले जाते. आज नुसती पेज, उद्या नारळाचे हुमण, असे करू नका. रोज साधारण सारख्याच जेवणाबरोबर घ्या.

वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. सीबीडीमुळे या औषधांची रक्तातली पातळी वाढू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी घेऊच नये.

बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका. खोबरेल तेलातली असेल तर फ्रिजमध्ये गोठते. गरम पाण्यात उभी करून पूर्ण पातळ होऊ द्या, हलवा, मग सिरिंज भरा.