चढणीच्या माशांची काठावर वाट पाहताना

खानदेशाला समुद्र नाही, आणि समुद्रातून तापीत चढू पाहणाऱ्या माशांची वाट गुजरातेत काकरापार व उकाई येथेच अडते. त्यामुळे पावसाळ्यात आपल्या काठाशी येतात ते नदीचेच मासे. अंडी घालण्यासाठी ते खोल डोह सोडतात आणि वाहत्या, उथळ, नुकत्याच पाण्याखाली गेलेल्या गवताळ जागांकडे निघतात.

त्यांची वाट पाहताना तारखेपेक्षा पाण्याकडे लक्ष द्यावे. गावात पाऊस झाला म्हणजे नदीला पाणी आले, असे होत नाही. तापी-पूर्णेचे मोठे पाणी बैतूल, बऱ्हाणपूर आणि मेळघाटाकडून येते. अनेर आणि गोमाई या सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या मात्र डोंगरातील एखाद्या जोरदार सरीनेही फुगतात. पहिल्या लोंढ्याबरोबर काडीकचरा, गाळ आणि गावोगावची घाण वाहून येते, त्यामुळे तो ओसरू द्यावा आणि त्यानंतर पुन्हा पाणी चढू लागले की काठावर जावे.

जागेची निवड सर्वांत महत्त्वाची आहे. मुख्य धारेवर नजर लावून बसण्यापेक्षा नाला नदीला मिळतो ते मुख, केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याची खालची बाजू किंवा बांधालगत पाणी पसरलेला सखल भाग पाहावा. पाणी चढताना मासे नाल्यात शिरतात आणि उतरू लागले की परत फिरतात. म्हणून दोन्ही वेळा तेथे थांबणे योग्य. बगळे आणि पाणकावळे एकाच ठिकाणी दाटीने जमले असतील, तर ती खूण माझ्या मते सर्वांत भरवशाची आहे. माशांना पाण्यातील हादरे अंगावरील संवेदनरेषेने जाणवतात, तेव्हा काठापासून थोडे मागे, पाय न आपटता आणि पाण्यावर विजेरी न मारता बसावे.

बसण्यापूर्वी पाण्याच्या कडेला एक खुणेची काठी रोवावी आणि मागे चढावर जाणारी वाट मोकळी असल्याची खात्री करावी. तापीवरील हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना मिळाली असेल, तर खालच्या गावांतील काठावर मुळीच थांबू नये, मग आकाश कितीही निरभ्र असो. बंधाऱ्याच्या भिंतीवर किंवा पाणी वाहत असलेल्या फरशी पुलावर उभे राहणे तर कटाक्षाने टाळावे.

मासे दिसले की जाळे टाकण्याचा मोह होतो, परंतु अंड्यांनी पोट फुगलेली मादी या वेळी धरली, तर पुढील वर्षीच्या माशांची एक पूर्ण पिढीच आपण नदीतून काढून घेतो. नाल्याचे मुख बारीक जाळ्याने बंद करणे त्याहूनही घातक आहे. पाण्यात स्फोटके वा विष वापरण्यास तर 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच मनाई आहे. उथळ गवतात तांबूस पिल्लांचा थवा पृष्ठभागावर हलताना दिसला, तर खाली मरळ राखण करीत असते; त्या जागेजवळ पाण्यात उतरू नये.