पात्र बोलतं करायचं, तर ओठ सगळ्यात शेवटी

अ‍ॅनिमेशन शिकताना लिप-सिंकची, म्हणजे पात्राचं तोंड आवाजाशी जुळवण्याची, पहिली असाइनमेंट हातात पडली की बहुतेक विद्यार्थी थेट तोंडाला भिडतात. ओठ बरोबर हलतात, पण बाकीचं पात्र खांबासारखं उभं. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी ऐकणं, मग शरीर, मग जबडा, आणि ओठ शेवटी.

संवादाची क्लिप ८ ते १२ सेकंदांची पुरे. एकाच माणसाचा स्वच्छ आवाज हवा, मागे संगीत नको आणि बोलता बोलता मूड बदलायला हवा. मधेच घेतलेला श्वास किंवा अडखळणं असेल तर उत्तमच, अभिनयाला तिथेच जागा मिळते. फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये घ्या; एमपी३ मध्ये सुरुवातीला बारीकशी शांतता घुसू शकते आणि सगळं सिंक सरकतं. आवाज सॉफ्टवेअरमध्ये घेण्याआधीच फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) २४ वर ठेवा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅकच्या मेन्यूत 'सिंक टू ऑडिओ' आणि ऑडिओ स्क्रबिंग (टाइमलाइनवर मागे-पुढे सरकताना आवाज ऐकू येणं) दोन्ही चालू करा.

आता क्लिप पाठ होईपर्यंत ऐका. कोणता शब्द कितव्या फ्रेमला सुरू होतो ते एक्स-शीटवर (फ्रेमवार नोंदींच्या तक्त्यावर) लिहा आणि जोर पडलेल्या शब्दांखाली रेघ मारा. मग मोबाइल समोर ठेवून तो संवाद स्वतः करून पाहा. लाज वाटेल, तरी करा. त्यातल्या मोजक्या पोझ निवडा आणि स्टेप्ड कीजमध्ये ब्लॉकिंग, म्हणजे पोझचा कच्चा आराखडा, करा. (की म्हणजे ठरावीक फ्रेमला नोंदवलेली पोझ; स्टेप्ड असली की पुढच्या कीपर्यंत ती तशीच राहते.) या टप्प्यावर तोंड बंदच राहू द्या. आवाज बंद करूनही पात्राच्या मनात काय चाललंय ते कळलं, तरच पुढे जा.

मग जबडा. फक्त उघड-मीट, तीही अक्षरागणिक नाही. हनुवटीखाली हात धरून वाक्य नेहमीच्या वेगाने बोला. हात जिथे खाली जातो, तिथेच की द्या.

ओठांसाठी आपली वर्णमाला फार कामाची आहे, कारण व्यंजनांचे वर्ग उच्चाराच्या जागेवरूनच पाडलेत. प, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना ओठ मिटलेच पाहिजेत, निदान दोन फ्रेम. ही जागा चुकली की प्रेक्षकाला लगेच खटकतं. फ आणि व ला बऱ्याचदा खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. त, द, ल ला जीभ दिसली तर दिसली. क, ख, ग घशाजवळचे, त्यांना वेगळा आकार देण्यात वेळ घालवू नका. स्वरांत आ ला तोंड उघडं, ई ला कोपरे ताणलेले आणि ओ, ऊ ला ओठांचा चंबू.

एक वाक्य घेऊ: 'बाबा, मला थांबायचं नाही.' ओठ चार वेळा मिटतात: बा, बा, म, आणि 'थांबा'मधलं बा. या चौथ्या ठिकाणी गंमत आहे. तिथला अनुस्वार 'म्' असाच उच्चारला जातो, म्हणजे ओठ ब च्या आधीच मिटलेले असतात. म्हणून तिथे दोनऐवजी तीन-चार फ्रेम द्या. 'यचं' मात्र बोलताना जवळजवळ गिळलं जातं, तिथे एका मधल्या आकारावर भागतं. अशा जागी प्रत्येक अक्षराला की दिली की पात्र चघळत बसल्यासारखं दिसतं.

कीज स्प्लाइनवर नेल्यावर, म्हणजे दोन पोझमधली हालचाल सलग केल्यावर, मिटलेले ओठ किंचित उघडे पडतात, कारण दोन कीजमधली वक्ररेषा तिथे सपाट राहत नाही. ग्राफ एडिटरमध्ये (जिथे या वक्ररेषा दिसतात) त्या जागा एकेक करून तपासा. भुवया, पापण्या आणि नजर याच वेळी. पापणी शक्यतो विचार बदलतो तिथे किंवा मान वळते तेव्हा लववा. ठरावीक अंतराने लवणारी पापणी यांत्रिक वाटते.

शेवटी प्लेब्लास्ट (कामाचा झटपट काढलेला व्हिडिओ) काढून पाहा, व्ह्यूपोर्टमधल्या (सॉफ्टवेअरच्या काम करायच्या खिडकीतल्या) वेगावर विसंबू नका. आवाजाच्या तुलनेत ओठ उशिरा वाटले तर तोंडाच्या सगळ्या कीज एकत्र निवडून एक-दोन फ्रेम आधी सरकवा आणि नवा प्लेब्लास्ट काढा.