तेत्सुबिनचा गंज: माझा अनुभव

मोरिओकाहून आणलेली माझी तेत्सुबिन, म्हणजे बिडाची जपानी किटली, आतून गंजली. चूक माझीच, रात्रभर पाणी तसंच राहिलं. सकाळी पाणी तांबूस, तळाला नारिंगी डाग. घासणी हातात घेतली होती, पण थांबलो ते बरं झालं. आत मुलामा नसतो. कोळशाच्या धगीत भाजून आणलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच गंज अडवतो. घासला की गेला.

उपाय फुकटातला निघाला. हिरव्या चहाची वापरलेली पत्ती फडक्यात बांधून किटलीतल्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळली. पाणी शाईसारखं काळं! चहातलं टॅनिन लोखंडाशी जुळून काळा थर धरतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तोच प्रकार. निवल्यावर ओतलं, असं तीनदा केलं. मग साधं पाणी उकळलं, ते नितळ. डाग आहेत अजून, पण पाण्यात उतरत नाहीत.

आता पाणी ओतलं की झाकण काढून ठेवतो, स्वतःच्या उबेनंच सुकते. बाहेरच्या गारांसारख्या दाण्यांवर (त्याला ‘अरारे’ म्हणतात) बोट फिरवत बसायचा नाद मात्र सुटत नाही.