कण्याच्या संधिवातात हाडं कशी सांभाळायची

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कणा ताठ करत नेणारा संधिवात, ऐन पंचविशीत सुरू झाला. आता पन्नाशी उलटली आहे. कमरेचे मणके जवळजवळ एकमेकांना जोडले गेले आहेत, मान अजून वळते. हा आजार नुकताच कळलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते: यात हाड वाढतंही आणि झिजतंही, तेही एकाच मणक्यात.

अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात, तिथे सूज येते. सुजेतल्या रसायनांमुळे हाड खाणाऱ्या पेशींना जोर चढतो आणि मणक्याच्या आतली जाळी विरळ होत जाते. कडेला मात्र शरीर नवं हाड घालत राहतं. एका मणक्यापासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधले जातात आणि कणा ताठ होतो. बडा घर पोकळ वासा, तशी ही गत. जोडलेला कणा धक्का वाटून घेऊ शकत नाही, म्हणून साध्या पडण्यानंही तो मोडू शकतो.

याचा थेट संबंध डेक्साशी, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीशी आहे. रिपोर्टमध्ये कमरेच्या मणक्यांची, म्हणजे एल-१ ते एल-४ची, ओळ असते. ही मोजणी समोरून होते, त्यामुळे कडेचे पूलही हिशेबात येतात आणि आकडा फुगतो. माझ्या रिपोर्टवर कमरेचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी माणसाच्या हाडांशी केलेली तुलना) अधिक ०.८ होता आणि खुब्याचा उणे २.१. डॉक्टरांनी पेन ठेवलं ते खुब्याच्या ओळीवर. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ होऊ लागलंय, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. (पाळी सुरू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या माणसांशी केलेली तुलना, बघतात.) तेव्हा डेक्सा करताना खुबा मोजणार आहेत ना, हे आधीच विचारून घ्या. कमरेबद्दल शंका राहिली तर बाजूने केलेली डेक्सा किंवा सीटीवरून काढलेली घनता जास्त खरी ठरते.

घरी दोन मोजमापं ठेवा. एक उंची, कारण मणका दबला तरी पुष्कळदा दुखत नाही, नुसती उंची कमी होते. दुसरं, टाचा आणि पाठ भिंतीला लावून, हनुवटी वर न करता डोकं मागे टेकवून बघा. टेकत नसेल तर मधलं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या, लिहून ठेवा आणि दर भेटीत डॉक्टरांना दाखवा.

हाडासाठी पहिला उपाय म्हणजे सूज आटोक्यात ठेवणं. टीएनएफ हे सूज वाढवणारं रसायन रोखणाऱ्या इंजेक्शनांनी सुजेबरोबर हाडांची घनताही सुधारते. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र दीर्घकाळ घेऊ नयेत: कण्याला फारसा फायदा नाही, हाडं वर ठिसूळ होतात. पण चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंदही करू नका. डी जीवनसत्त्व तपासून घ्या. सिगारेट सोडा, धूम्रपानानं ते पूल लवकर वाढतात.

व्यायाम रोजचाच. पालथं पडून राहणं, छाती पूर्ण फुगवून श्वास घेणं, जमत असेल तर पोहणं. हाडं विरळ झाली असतील तर कंबरेतून वाकून वजन उचलू नका. आणि मान-पाठ कुणाकडूनही झटका देऊन ‘मोकळी’ करून घेऊ नका. ताठ कण्यात ते जिवावर बेतू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पडल्यावर, गाडीला हिसका बसल्यावर पाठ किंवा मान नव्यानं दुखू लागली, तर तपासणीत ‘नाही’ निघेपर्यंत ते फ्रॅक्चरच धरा. मानेचा खालचा भाग विशेष धोक्याचा. साध्या एक्स-रेत अशी भेग सुटून जाते, म्हणून आजाराचं नाव सांगून सीटी किंवा एमआरआयचा आग्रह धरा. हातापायांत मुंग्या, जोर जाणं, लघवी अडणं असं काही झालं तर एक क्षणही थांबू नका.

घरच्यांना आजच बजावून ठेवा: मान पूर्वीपासून पुढे झुकलेली असेल तर ती सरळ करू नका, आहे तशीच आधार देऊन ठेवा. बळेबळे सपाट झोपवल्यानं मज्जारज्जूला इजा होऊ शकते. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांनाही आधी कळवा. ताठ मानेत श्वासनळीत नळी घालणं अवघड असतं, त्यांना वेगळी तयारी करावी लागते.