दहावी मराठीतून, डिप्लोमा इंग्रजीतून: दहावीच्या वर्षातच काय करायचं

दहावीला गणितात मला ८७ पडले होते. पुढं इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या पहिल्या चाचणीत २० पैकी ६. सरांनी फळ्यावर अवघड काही घातलं नव्हतं. ते 'पर्पेंडिक्युलर' म्हणत होते आणि मला 'लंब' येत होतं, एवढंच. शेजारच्या पोराच्या वहीत आकृती बघितली तेव्हा कळलं की हे तर आपण नववीतच केलंय.

आता मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे. भाची यंदा येळ्ळूरला दहावीत आहे, तिला मेकॅनिकलला जायचंय. तिच्याकडनं जे करून घेतोय तेच इथं लिहितो.

पहिलं काम शब्दांच्या वहीचं. कर्नाटकातलं दहावीचं गणिताचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत तेच असतं, धडे तेच, गणितं तीच. दोन्हींच्या पीडीएफ सरकारी पाठ्यपुस्तक संघाच्या साइटवर फुकट मिळतात. मराठीतनं धडा झाला की त्याच संध्याकाळी इंग्रजीतला तोच धडा उघडायचा आणि वहीत तीन रकाने करायचे: मराठी, इंग्रजी, कन्नड. वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, अंकगणिती श्रेढी म्हणजे अरिथमेटिक प्रोग्रेशन. 'टँजंट'ला दोन ओळी सोडा, कारण वर्तुळाच्या धड्यात ती स्पर्शिका असते आणि त्रिकोणमितीत गुणोत्तर. माझा इथंच महिनाभर घोळ झाला होता. रोज एक गणित इंग्रजी पुस्तकातनं मोठ्यानं वाचून सोडवायचं. घरात हसतात, हसू द्यात.

परीक्षेची तयारी सोडून हे करायचं नाही. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेला, ६२५ पैकी जे पडायचेत ते पडायलाच हवेत, आणि डिप्लोमाला वेगळी प्रवेश परीक्षा नसल्यानं गणित-विज्ञानाचे मार्कच कामाला येतात. पण गणितात एक धडा कधीच टाकू नका, तो म्हणजे त्रिकोणमिती. पोरं म्हणतात, पुढं कुठं लागतंय हे? भाचीला एका रविवारी मी घरी आणलेला निमुळता शाफ्ट दाखवला. मोठ्या टोकाला ४० मिलिमीटर, बारक्या टोकाला ३०, लांबी ५०. असा निमुळता भाग कापायला लेथचा कंपाउंड, म्हणजे हत्यार धरणारी फिरती सरक, किती अंशात फिरवायचा? व्यासातला फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीनं म्हणजे १०० नं भागलं की ०.१. ज्या कोनाचा टॅन ०.१ तो कोन, साधारण ५.७ अंश. तिनं कॅल्क्युलेटरवर तीनदा बघितलं. मग व्हर्नियर कॅलिपर हातात दिला. मुख्य पट्टीवर १२, सरकत्या पट्टीची जुळलेली रेघ १७ वी, अल्पतम माप (एका रेघेची किंमत) ०.०२, म्हणजे १२.३४ मिलिमीटर. जेवणापर्यंत घरातली सगळी पेनं मोजून झाली होती.

आता कागदपत्रं. हे दिवाळीच्या सुट्टीतच उरका. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात मिळतो. त्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, प्रवेशाच्या फॉर्मात भरावा लागतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर ग्रामीण प्रमाणपत्रावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. निकालानंतर तिथं रांग लागते. आणि नावाचं स्पेलिंग! आमच्याकडं मारुती नावाच्या कुठल्याही पोराला विचारा. शाळेत कानडी पद्धतीनं 'ती'ला टीएच लावलेलं असतं, आधारवर नुसता टी. माझ्या ह्या एका एचपायी दोन दिवस मोडले. शाळेच्या रजिस्टरात काय आहे ते आत्ताच बघा, दहावीचा अर्ज बोर्डाकडं जायच्या आधी दुरुस्त होत असेल तर करून घ्या.

महाराष्ट्रात जायचं असेल तर तीही वाट आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिथल्या प्रवेशात 'टाइप ई' म्हणून अर्ज करता येतो. सीमाभागात राहत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन दाखले लागतात. दोन्हीकडं अर्ज करून ठेवावा असं माझं मत. मात्र घरनं डबा घेऊन बसनं जाता येईल असं बेळगावातलं कॉलेज मिळत असेल तर खोलीभाड्याचा हिशेब आधी मांडा.

मार्क कमी पडले तर आयटीआय करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला येता येतं. डिप्लोमा झाला की डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं विद्यापीठ व्हीटीयू, त्याचं मुख्यालय मच्छेला, आपल्या दारातच आहे. त्यामुळं बारावीच करायला पाहिजे असं कुणी म्हटलं तर मान हलवायची आणि पुढं व्हायचं.

परवा भाचीच्या वहीत कन्नडचा रकाना रिकामा दिसला म्हणून मी रागावलो. ती म्हणाली, मामा, 'लंब'पुढं काय लिहू? कन्नडमध्येसुद्धा लंबच आहे की.