लटाकियाचा पाइप ओढताना या चुका टाळा

लटाकिया, म्हणजे धुरी दिलेली काळी तंबाखू, घातलेल्या इंग्लिश पद्धतीच्या तंबाखू-मिश्रणाचा डबा उघडला की जळक्या लाकडाचा, जुन्या चामड्याचा, किंचित धुपाचा वास येतो. मग पाइप पेटवल्यावर तोच वास मिळेना, जीभ भाजायला लागली किंवा तोंडात नुसती राखेची चव राहिली, की दोष तंबाखूला दिला जातो. बहुतेक वेळा तंबाखू चांगलीच असते. घोळ घातलेला असतो तो ओलीने आणि घाईने.

लटाकिया हे नाव सीरियातल्या बंदराचं. आज बाजारात मिळते ती मुख्यतः सायप्रसची. पानं आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात टांगून खाली पाइन, मर्टल अशी सुगंधी लाकडं आणि झुडपं जाळून धुरी देतात, पानं काळी पडेपर्यंत. म्हणजे धूर पानात आधीच मुरलेला आहे. जोरजोरात झुरके मारून तो वाढत नाही. उलट, मिश्रणातल्या व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर भरपूर असते, ती करपते. पानातल्या ओलीची वाफ होऊन जिभेवर येते. आणि ज्या गंधासाठी हा खटाटोप, तोच जळून जातो. पाइपचा बाउल (तंबाखू भरायची वाटी) हाताला चटका देऊ लागला, की तुम्ही घाई करताय असं समजा. पाइप खाली ठेवा, विझला तर विझू द्या. पुन्हा पेटवण्यात काहीही कमीपणा नाही.

ओलीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. नवा डबा बहुधा ओढण्याच्या मानाने ओला असतो. इंग्लंडमधल्या केंडलच्या सॅम्युएल गॉविथची तंबाखू (हे घराणं 1792 पासूनचं) त्यासाठी ओळखलीच जाते. भरण्यापुरती तंबाखू कागदावर पसरा, अर्धा-पाऊण तास राहू द्या आणि चिमटीत दाबून बघा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. हळूहळू सुटा झाला तर भरायला हरकत नाही. चुरा झाला तर फार वाळली, आणि अशी तंबाखू भरभर, गरम जळते. मात्र हे अर्ध्या-पाऊण तासाचं गणित आपल्याकडे ऋतूप्रमाणे बदलतं. जुलैत मुंबईत किंवा कोकणात उघड्यावर ठेवलेली तंबाखू वाळायच्या ऐवजी हवेतली ओल पिते. तिथे एसीची खोली बरी. मे महिन्यात नागपुरात तीच तंबाखू बघता बघता कुरकुरीत होते. तेव्हा घड्याळापेक्षा चिमटीवर भरवसा ठेवा.

भरताना दाबून ठासू नका. तळाशी सैल, मध्ये जरा घट्ट, वर आणखी थोडं. न पेटवता ओढून बघा: हवा सहज यायला हवी. अडत असेल तर सगळं काढून पुन्हा भरा, वरून टोचत बसू नका. पहिल्या काडीने तंबाखू फुगून वर येते. ती हलक्या हाताने सारखी करून दुसऱ्या काडीने खरं पेटवायचं. काडीचा गंधक जळून जाईपर्यंत क्षणभर थांबावं. पेट्रोलच्या लायटरचा वास मात्र लटाकियाचा पहिला झुरका हमखास बिघडवतो.

निवडीतली चूक वेगळीच. धुरकट म्हणजे कडक, असा समज आहे. लटाकियात निकोटिन तसं कमी असतं. या मिश्रणात तिचं काम फोडणीतल्या हिंगासारखं. व्हर्जिनियाचा गोडवा आणि तुर्कस्तान-ग्रीसकडच्या ओरिएंटल पानांचा आंबट-सुगंधी पोत यांच्या आधाराने ती बोलते. कडकपणा येतो तो पेरिकसारख्या (दाबून आंबवलेल्या) पानांतून, म्हणून पेरिक असलेलं डनहिल कंपनीचं नाइटकॅप हे मिश्रण सुरुवातीलाच घेऊ नये. त्यांचंच अर्ली मॉर्निंग पाइप त्या मानाने सौम्य. (डनहिलच्या नावाने ही मिश्रणं 2018 नंतर बंद झाली, आता पीटरसनच्या नावाने येतात.)

दुसरा समज घातक आहे: धूर छातीत घेत नाही, म्हणून पाइप निरुपद्रवी. तसं अजिबात नाही. पाइपने तोंडाचा, जिभेचा आणि घशाचा कर्करोग होऊ शकतो, निकोटिनची सवयही लागते. जो ओढत नाही, त्याने हे वाचून सुरुवात करू नये. जो ओढतो, त्याने थोडं ओढावं, आणि घरातल्यांच्या नाकाशी तर नाहीच.

पाइपमध्ये गुडगुड आवाज आला तर दांडी उपसू नका. गरम लाकडातून दांडी काढली की सांधा सैल पडतो किंवा तुटतो. पाइप क्लीनर मुखाकडून आत सरकवा, पाणी शोषून घेईल, आणि ओढणं सुरू ठेवा. रोज तोच पाइप ओढून आंबूस चव येत असेल तर त्याला दिवसभर तरी विश्रांती द्या. आतली काजळी साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर ठेवावी. त्याहून जाड झाली तर बाउलला चीर जाऊ शकते. लटाकियाचा गंध लाकडात असा बसतो की त्या पाइपमध्ये नंतर चेरी-व्हॅनिलाच्या वासाची तंबाखू ओढली तरी धुरीच लागते. तिच्यासाठी वेगळा पाइप ठेवा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइपही चालेल.

आणि साठवण. पुष्कळजण सगळेच डबे वर्षानुवर्षं जपून ठेवतात. व्हर्जिनिया मुरते, पण लटाकियाचा धारदारपणा काळाने ओसरतो. धुरीच हवी असेल तर फार थांबू नका. उघडलेली तंबाखू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. पावसाळ्यात अधूनमधून बरणी तपासा. पानांवर पांढरं काही दिसलं तर भिंगाखाली धरा: चमकणारे कण म्हणजे मुरलेल्या पानावरचे स्फटिक, ते निर्धास्त ओढा. लव किंवा जाळीसारखे तंतू आणि कुबट वास म्हणजे बुरशी. मग वरचा थर काढून खालचं वाचवायच्या फंदात पडू नका, अख्खी बरणी रिकामी करा.