नाइटक्लबच्या लाइटसाठी कन्सोल की संगणक? निवड कशी करावी

नाटकाचे लाइट आधी बसवता येतात. कुठल्या वाक्याला कुठला प्रकाश, हे कागदावर लिहिलेले असते. नाइटक्लबमध्ये असा कागद नसतो. डीजे गर्दीकडे बघून पुढचे गाणे निवडतो, कधी ब्रेकडाउन (गाण्याचा मंदावलेला भाग) लांबवतो, कधी ड्रॉप (ठेका पुन्हा जोरात सुरू होण्याचा क्षण) अचानक सोडतो. लाइटवाल्याने ते ऐकायचे आणि त्याच क्षणी हात टाकायचा. म्हणून कन्सोल (लाइट चालवायचे बटणांचे यंत्र) घ्यावा की संगणकावरचे सॉफ्टवेअर, हे दोन्हींच्या गुणांची यादी समोर ठेवून ठरवू नका. रात्री दीड वाजता, अंधारात, छाती हादरवणाऱ्या आवाजात त्या यंत्रासमोर कोण उभे असेल, तिथून सुरुवात करा.

१. आधी माणूस ठरवा

रोज रात्री लाइटसाठी वेगळा माणूस असेल, तर फेडर (वर-खाली सरकवायच्या खुंट्या) आणि बटणे असलेल्या कन्सोलकडे झुकायला हरकत नाही. काही आठवड्यांत त्याचा हात बसतो. तबलजीची नजर तबल्यावर नसते, गायकाकडे असते. तसाच हा माणूस मग कन्सोलकडे न बघता डान्स फ्लोअरकडे बघून वाजवायला लागतो.

वेगळा माणूस नसेल, डीजेच मधूनमधून लाइट बदलणार असेल, किंवा एखादा कर्मचारी संध्याकाळी सगळे सुरू करून आपल्या कामाला जाणार असेल, तर सॉफ्टवेअर सरस ठरते. ठरलेल्या वेळेला सीन (साठवलेली प्रकाशरचना) बदलणे, संगीताचा बीट ओळखून इफेक्ट चालवणे, टॅब्लेटवर चारच मोठी बटणे दाखवून बाकी सगळे कुलूपबंद ठेवणे, ही कामे संगणक न थकता करतो.

बाहेरून पाहुणे कलाकार आपापले लाइटवाले घेऊन येत असतील, तर त्यांना ओळखीचे यंत्र हवे असते. ग्रँडएमए, अ‍ॅव्होलाइट्स, चॅमसिस अशा कन्सोलच्या घराण्यांपैकी एखादे असेल, तर हे लाइटवाले आपली शो फाइल (आधी बांधलेला कार्यक्रम) पेन ड्राइव्हवर आणून लगेच कामाला लागू शकतात.

२. चॅनल मोजा

लाइटना हुकूम पाठवण्याचे डीएमएक्स ५१२ हे मानक १९८६ साली अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या संस्थेने आणले, तेव्हा डोळ्यासमोर मुख्यतः डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रे) होते. एका केबलवरून ५१२ चॅनल, म्हणजे उजेड, रंग, हालचाल अशा एकेका गोष्टीचे आकडे, जातात. त्याला एक युनिव्हर्स म्हणतात. पूर्ण युनिव्हर्स सेकंदाला साधारण ४४ वेळा पाठवता येते, आणि पार (स्थिर दिवा) किंवा मूव्हिंग हेड (फिरणारा दिवा) यांच्यासाठी तेवढे पुरते.

आता तुमचे लाइट मोजा. मूव्हिंग हेडला मोडप्रमाणे १६, २४ किंवा त्याहून जास्त चॅनल लागतात. १६ चॅनलचे १२ मूव्हिंग हेड म्हणजे १९२. सात चॅनलचे ८ एलईडी पार धरले तर आणखी ५६. एकूण २४८ झाले. स्ट्रोब (झपाझप चमकणारा दिवा) आणि स्मोक मशीन धरूनही एका युनिव्हर्सच्या आत. पण बाजारात खूप दिसणारा १९२ चॅनलचा छोटा कन्सोल घेतलात, तर १२ मूव्हिंग हेडनेच तो भरला. त्यावर पार लावायला जागा उरत नाही. लाइट ज्या मोडमध्ये चालवणार आहात त्याच मोडचे चॅनल धरा, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या लाइटसाठी जागा सोडा.

भिंतीवर किंवा छतावर एलईडी पिक्सेल पट्ट्या असतील तर हिशोबच पालटतो. एका रंगीत पिक्सेलला तीन चॅनल, म्हणजे एका युनिव्हर्समध्ये १७० पिक्सेल. हजार पिक्सेल झाले की सहा युनिव्हर्स हवीत. एवढा डेटा नेटवर्क केबलवरून आर्ट-नेट किंवा एसएसीएन पद्धतीने पाठवतात, आणि व्हिडिओवरून पिक्सेल रंगवण्यासाठी मॅड्रिक्स किंवा रिझोल्यूम अरेनासारखे सॉफ्टवेअर वापरतात. इथे माझा कौल सरळ संगणकाला आहे. पिक्सेल हाच क्लबचा मुख्य देखावा असेल, तर छोट्या कन्सोलवर वेळ घालवू नका.

३. हाताला काय लागते ते बघा

क्लबमध्ये रात्रभर वापरात राहणारी नियंत्रणे मोजकीच असतात: ग्रँड मास्टर (सगळ्या लाइटचा उजेड एकदम कमी-जास्त करणारा), ब्लॅकआउट (सगळा काळोख), स्ट्रोब, दाबून ठेवले तोवरच पेटणारी फ्लॅश बटणे, टॅप टेम्पो (गाण्याच्या ठेक्यावर दाबून वेग ठरवायचे बटण), रंग आणि हालचालींचे काही साठवलेले पर्याय. ही सगळी बोटाखाली असायला हवीत. माउसने एका वेळी एकच गोष्ट होते. ड्रॉपच्या क्षणी एका हाताने ब्लॅकआउट सोडायचा आणि दुसऱ्याने स्ट्रोब वर न्यायचा असतो. ते माउसने जमत नाही. टच स्क्रीन थोडी बरी, पण काचेवर बोट कुठे आहे हे न बघता कळत नाही.

उलट, दिवसा बसून शो बांधायचा असेल तर संगणकाला तोड नाही. मोठी स्क्रीन, लाइटची तयार लायब्ररी, थ्रीडीमध्ये आधी बघण्याची सोय, चुकले तर मागे फिरण्याची मुभा. छोट्या कन्सोलच्या दोन ओळींच्या डिस्प्लेवर सीन साठवत बसणे म्हणजे सहनशक्तीची परीक्षा. मोठ्या कन्सोलला हा दोष लागू नाही. त्यांच्या आत संगणकच असतो.

४. संगणक घेणार असाल तर

डीजेचा लॅपटॉप लाइटसाठी वापरू नका. एका कामामुळे दुसरे अडखळले की गाणे आणि प्रकाश दोन्ही एकदम जातात. लाइटसाठी वेगळे मशीन ठेवा, आणि त्यावर दुसरे काहीही चालवू नका.

सगळ्यात जास्त विचार यूएसबी इंटरफेसचा, म्हणजे संगणकाला डीएमएक्स केबल जोडणाऱ्या डबीचा करा. स्वस्त इंटरफेसमध्ये डीएमएक्सचा सिग्नल वेळेवर पाठवण्याचे काम संगणकालाच करावे लागते; तो दुसऱ्या कामात गुंतला की लाइट थरथरतात. एन्टेकचे ओपन डीएमएक्स यूएसबी या साध्या प्रकारातले. त्याच कंपनीच्या डीएमएक्स यूएसबी प्रोमध्ये स्वतःचा प्रोसेसर आहे, त्यामुळे वेळ सांभाळण्याचा भार संगणकावरून उतरतो. रोजच्या व्यवसायासाठी दुसऱ्या प्रकारचाच घ्या, आणि विद्युत विलगीकरण असलेला घ्या, म्हणजे लाइटच्या लाइनमधला बिघाड लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही.

मग लॅपटॉप कामाला लावा. आपोआप होणारे अपडेट थांबवा. स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद करा. यूएसबी पोर्टची वीजबचत बंद करा, कारण ऐन रंगात इंटरफेस नाहीसा होण्याचे ते नेहमीचे कारण असते. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असू द्या. सबवूफरशेजारी हादरे फार बसतात. लॅपटॉप हवेशीर जागी ठेवा आणि यूपीएसवर चालवा. टॅब्लेटने चालवणार असाल तर त्यासाठी वेगळा राउटर लावा, ग्राहकांचे वाय-फाय नको.

सॉफ्टवेअर निवडताना फुकट या शब्दापाशी थांबून अटी वाचा. क्यूएलसी प्लस खरोखर मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. मोठ्या कन्सोल कंपन्यांची संगणकावरची आवृत्तीही अनेकदा फुकट उतरवता येते, पण पूर्ण आउटपुट किंवा सगळ्या सोयी हव्या असतील तर बहुधा त्यांचेच हार्डवेअर जोडावे लागते.

५. मधला रस्ता

बऱ्याच क्लबना मी हाच सुचवेन: सॉफ्टवेअर संगणकावर, आणि समोर फेडर-बटणांचा वेगळा कंट्रोलर. तो सॉफ्टवेअरच्याच कंपनीचा विंग (संगणकाला जोडायचा फेडर-बटणांचा भाग) असू शकतो, किंवा अकाई एपीसी मिनीसारखा, मुळात संगीतासाठी बनवलेला मिडी कंट्रोलर. दिवसा माउसने बांधायचे, रात्री बोटांनी वाजवायचे. बटणांवर रंगीत दिवे असतील तर अंधारात फार मदत होते. फक्त एक करा: स्ट्रोबचे बटण ब्लॅकआउटच्या शेजारी ठेवू नका.

६. बंद पडले तर काय

हा प्रश्न दोन्हींना सारखाच लागू आहे. बहुतेक मूव्हिंग हेडच्या मेन्यूमध्ये सिग्नल गेल्यावर काय करायचे याचे सेटिंग असते: शेवटची स्थिती धरून ठेवणे, काळोख करणे, किंवा स्वतःचा कार्यक्रम सुरू करणे. क्लबमध्ये पहिला पर्याय ठेवा. एखादा छोटा कन्सोल मर्जरमधून (दोन सिग्नल एकत्र करणारी डबी) किंवा ए-बी स्विचमधून जोडून ठेवला, तर लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत फ्लोअर सांभाळता येतो.

हॉलचे साधे दिवे डीएमएक्सवर अवलंबून ठेवू नका. आग लागली किंवा कोणी कोसळले तर कुठलाही कर्मचारी भिंतीवरच्या स्विचने ते लावू शकला पाहिजे. लेझरलाही स्वतंत्र इमर्जन्सी स्टॉप हवा. स्ट्रोबला वेगाची मर्यादा घाला. प्रकाशामुळे फिट येणाऱ्यांना सेकंदाला ३ ते ३० चमका सर्वाधिक धोक्याच्या असतात, आणि ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा विभागाचे मार्गदर्शन ४ च्या वर न जाण्याचे आहे. ही मर्यादा शो फाइलमध्येच बसवता येते का, हे विकत घेण्याआधी विचारा.

७. घेण्याआधी चालवून बघा

विक्रेत्याच्या उजेडातल्या टेबलावर सगळेच छान दिसते. यंत्र क्लबमध्ये मागवा, दिवे बंद करा, आवाज नेहमीइतका ठेवा, आणि रोज चालवणार त्याच माणसाला उभे करा. त्याला एवढेच सांगा: सगळे मूव्हिंग हेड निळे कर, फक्त मधले चार पांढरे ठेव, टेम्पो टॅप कर, ब्लॅकआउट दे, ड्रॉपला सोड. मग लॅपटॉपची यूएसबी केबल किंवा कन्सोलची डीएमएक्स केबल उपसून परत लावा, आणि सगळे जागेवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. दोन-तीन यंत्रांवर हीच चाचणी घेतलीत, तर ज्या यंत्रावर त्या माणसाची नजर सर्वात कमी वेळा खाली गेली, ते घ्या.